पक्की तारीख

माझ्या तपासणीच्या कार्डावर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने 'तारीख पक्की' असं लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा ओढल्यात. अख्ख्या कार्डावर तेवढीच एक गोष्ट साफ खोटी आहे. बाकी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळं खरं. खोटं बोलले ती मी. आणि नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी डॉक्टरबाईंनी सांगितलं की सोमवारी सकाळी दाखल व्हा, कळा सुरू करायचं औषध देऊ, तेव्हा ते खोटं माझ्याच बाळाच्या जिवावर उठलं.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांना तारखा देणं हेच माझं काम. नळाला पाणी नाही, पाइप फुटलाय, मीटर उलटा फिरतोय, काहीही असो, मी वहीत नोंद करते आणि पंधरा दिवसांत माणूस येईल असं सांगते. इतक्या वर्षांच्या सवयीने ते असं सहज तोंडातून निघतं की लोक बिचारे मान डोलावून घरी जातात. जूनमध्ये पहिल्या तपासणीला डॉक्टरबाईंनी शेवटची पाळी कधी आली म्हणून विचारलं, तेव्हा 'चोवीस फेब्रुवारी' हेही माझ्या तोंडून तसंच निघालं. पाळी चोवीस फेब्रुवारीला खरंच आली होती. फक्त ती शेवटची नव्हती. त्यानंतर चोवीस मार्चलाही आली होती.

डॉक्टरबाईंच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या आहेत, एकावर एक बसवलेल्या. आतल्या चकतीचा बाण पाळीच्या तारखेवर ठेवायचा की चाळीस आठवड्यांचा दुसरा बाण बाळंतपणाच्या तारखेवर येतो. त्या दिवशी तो एक डिसेंबरवर आला. चकती बिचारी प्रामाणिक. तिच्या पोटात जे घालाल तेच ती बाहेर काढणार. आणि मी चुकीचं घातलं, कारण माझ्या शेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाटेल काय बाई आहे ही, साधी पाळीची तारीखही खरी सांगता येत नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं. पण दोन खोल्या म्हणायच्या तर मधे भिंत लागते, आणि आमच्या नि सासूबाईंच्या मधे आहे एक लाकडी कपाट. कपाटाच्या अलीकडे मी खोकले तर पलीकडून आवाज येतो, "गरम पाणी घे गं." कूस बदलली तरी आवाज येतो, "झोप लागत नाहीये का?" नवरा पुलाच्या कामावर क्रेन चालवतो. साइट घरापासून बसने आठ तासांवर. दोन महिने काम, मग दहा दिवस सुट्टी. ते दहा दिवस कधी येतात आणि कधी जातात हे मला फक्त धुवायच्या कपड्यांवरून कळतं. तो आला की आधी आईच्या मावसबहिणी त्याला बघायला येतात, मग गळकी टाकी, मग उखडलेली फरशी, मग लांबणीवर टाकलेलं प्रत्येक काम. आणि तीन वर्षं हे असं चालू असताना त्याच सासूबाई मला दर महिन्याला विचारायच्या, "काही बातमी?" बातमी काय कपाटातून येणार होती?

मार्चमध्ये तो तीन तारखेला आला नि बारा तारखेला गेला. सुट्टी बरी गेली असं म्हणायचीही सोय नाही, कारण त्या दहा दिवसांत त्याने बाथरूमचा नळ बदलला, एवढंच. पुढची सुट्टी मेच्या मध्यावर. मधेच एप्रिलच्या चार तारखेला सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांनी त्याला तीनदा फोन करून विचारलं, येशील ना. त्याने तिन्ही वेळा सांगितलं की रजा मिळत नाही. ते खरंच होतं. ऑपरेशनला मी थांबले, सगळं छान पार पडलं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला नणंद घेऊन जाणार होती.

आणि त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, नवऱ्याचा मला फोन. काँक्रीटचा पंप मोडलाय, शनिवार-रविवार काम बंद. घरी यायचं तर आठ तास यायला, आठ तास जायला, हातात राहणार काय? त्यापेक्षा तू जंक्शनला ये, मीही येतो, दोघांनाही चार तास पडतील. आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.

मी गेले. हो, गेले. घरी सांगितलं की कार्यालयाचं ट्रेनिंग आहे, मीटरचं रीडिंग घ्यायच्या नव्या यंत्राचं. सासूबाईंनी एका डोळ्याला पट्टी असताना मला डबा भरून दिला. जंक्शनच्या स्टँडसमोर एक लॉज आहे. खालच्या मजल्यावर टायरचं दुकान, वर सहा खोल्या, पंखा खडखडणारा. पण भिंती होत्या. चारही बाजूंना भिंती. दोन दिवस आम्ही मोठमोठ्याने बोललो, मोठमोठ्याने हसलो, आणि कोणीही आम्हाला गरम पाणी प्या म्हणून सांगितलं नाही. रविवारी संध्याकाळी मी घरी परतले आणि पुढचे आठ दिवस सासूबाईंना ते नवं यंत्र कसं चालतं हे समजावत राहिले. काय काय सांगितलं ते आता मलाही आठवत नाही.

मेमध्ये बातमी आली. सासूबाईंनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले, आणि लगेच बोटांवर मोजायला लागल्या. माझा लेक मार्चमध्ये आला होता, म्हणजे मार्चपासून धरायचं. मी तोंड उघडणार तोच माझ्या लक्षात आलं की मी एप्रिल म्हटलं तर दोनच गोष्टी होतात. एकतर सुनेचं पाऊल वाकडं पडलं, नाहीतर आईच्या ऑपरेशनला न आलेला मुलगा बायकोला भेटायला आला. इकडे आड तिकडे विहीर. मी म्हटलं, "हो आई, मार्चच." नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो केवढा खूश झाला. म्हणाला, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला.

खोकला कुठला जातोय. तो माझ्या छातीत घर करून बसला.

पहिले दोन महिने तपासणीच्या ठिकाणी सोनोग्राफीचं मशीन बिघडलेलं होतं. ते जुलैअखेरीला दुरुस्त झालं. तेव्हा चकतीच्या हिशेबाने मला बावीस आठवडे झाले होते. मशीनवरच्या बाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं, परत फिरवलं, आणि कागदावर अठरा लिहिलं. डॉक्टरबाईंनी तो कागद बघून मला विचारलं, तारखेची खात्री आहे का? चार आठवड्यांचा फरक पडतोय. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी साक्ष दिली. माझा मुलगा तीन ते बारा मार्च घरी होता. त्यानंतर थेट मे महिन्यात आला. मधे एक दिवस नाही, एक तास नाही. मग यात दुसरी तारीख येणार कुठून? डॉक्टरबाईंनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मशीन हरलं, सासूबाई जिंकल्या, आणि कार्डावर ती लाल शाई उमटली.

तिथून पुढे माझं बाळ 'मागे' पडलं. ते आपल्या वयाच्या मानाने अगदी छान वाढत होतं. फक्त त्याचं वय आम्ही महिनाभर वाढवून सांगितलं होतं. पण हे मला एकटीला माहीत. बाकी सगळ्यांच्या मते मी त्याला उपाशी ठेवत होते. सकाळी दूध, दहाला अंडी, दुपारी ताकदीची पावडर घातलेलं आणखी एक दूध, संध्याकाळी भिजवलेले बदाम, सासूबाई समोर बसून मोजणार. डाव्या कुशीवर झोप म्हणाले, झोपले. नणंद दर रविवारी येऊन माझ्या पोटाकडे बघून चक्‌चक्‌ करायची. कार्यालयात टंकलेखिका विचारायच्या, अजून लहानच आहे का हो? माझं वजन सोळा किलोने वाढलं. चपलेत पाय मावेना. आणि दर तपासणीला तेच, आई उत्तम, बाळ मागे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडायचीही सोय नाही, कारण बुक्क्या मारणाऱ्या हातात दुधाचा पेला.

मी मनाशी हिशेब केला होता. एक डिसेंबर येईल नि जाईल. पहिलटकरणीचं पुढेमागे होतंच, असं कोणीतरी म्हणेल. थोडी काळजी करतील, थोडं रागावतील, आणि महिनाअखेरीला बाळ आपल्या वेळेला येईल. मग कोण कशाला मागचं उकरतंय? जे बाळ वाढत नाही असं वाटतं त्याच्यासाठी तारखेपर्यंत थांबत नाहीत, हे मला कुणी सांगितलं होतं?

त्या शुक्रवारी ते डॉक्टरबाईंनी सांगितलं. सदतीस आठवडे झालेत आणि बाळ तेहतिसाचं दिसतंय. आत वाढत नसेल तर बाहेर काढून वाढवू, काचेची पेटी आहे आपल्याकडे, घाबरू नका. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, तारीख समजा महिन्याने चुकलेली असेल तर? त्या म्हणाल्या, मग कोणताही शहाणा डॉक्टर आत्ता कळा सुरू करणार नाही. चौतिसाव्या आठवड्यात फुप्फुसं तयार झालेली नसतात, बाळाला श्वास घ्यायलाच त्रास होतो. पण तुमची तर पक्की आहे ना? माझ्या शेजारून उत्तर गेलं, "एकदम पक्की."

घरी येताना सासूबाई माझा दंड धरून चालत होत्या. मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटत होता आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. बाळाच्या टोप्या कितीच्या मापाच्या आणायच्या यावर त्या बोलत राहिल्या.

शनिवारी मी कार्यालयात रजेचा अर्ज द्यायचा राहिलाय असं सांगून एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई नव्हत्या. खिडकीवर सिस्टर होत्या, वीस वर्षं तिथे असलेल्या, ज्यांना आता कशाचंच नवल वाटत नाही. मी म्हटलं, माझी तारीख चुकलीय, बदलायची आहे. त्यांनी कार्ड बघितलं, लाल शाई बघितली, आणि मला बाकावर बसायला सांगितलं. म्हणाल्या, दाखल व्हायची वेळ आली की निम्म्या बायकांना नवी तारीख आठवते. भीती वाटते, साहजिक आहे. मी म्हटलं, भीती नाही हो, खरंच चुकलीय. त्या म्हणाल्या, हो, तेही सगळ्या म्हणतात.

त्यांचा चेहरा बघून मला माझी खिडकी आठवली. मीही पाइप फुटलेल्या माणसाकडे असंच बघते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तशी त्यांनी उसासा सोडून डॉक्टरबाईंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी एका दमात सगळं सांगितलं, लॉजसकट. डॉक्टरबाई म्हणाल्या की तुम्ही खरं बोलत असाल तर थांबायला हवं. पण तुम्ही घाबरून बोलत असाल, आणि बाळ खरंच खुरटलं असेल, तर थांबल्यावर ते पोटातच दगावू शकतं. मी नुसत्या तुमच्या शब्दावर हे कसं ठरवू? आतापर्यंत दरवेळी तुम्हीच हो म्हणालात. सोमवारी सासूबाईंना घेऊन या, नवऱ्याला फोनवर घ्या, त्यांच्यासमोर हेच सांगा. त्यांनी दुजोरा दिला तर मी तारीख खोडते.

मला त्यांचा राग आला, पण त्यांचं काय चुकलं? खाई त्याला खवखवे.

रविवारी दुपारी सासूबाई मावसबहिणीकडे गेल्या तशी मी नवऱ्याला फोन लावला. चारदा वाजला, पाचव्यांदा उचलला. मागे इंजिनाची घरघर. मी सगळं सांगितलं. त्याने आधी विचारलं, महिनाभर लवकर झालं तर एवढं काय होतं? त्याचा एक दोस्त आठव्या महिन्यातलाच आहे म्हणे, केवढा धिप्पाड आहे. मग म्हणाला, आईला आत्ता नको सांगूस, ऑपरेशनच्या वेळी मी येत नाही म्हणालो होतो ते तिच्या मनात अजून आहे. मग म्हणाला, डॉक्टरांना मशीनवर कळत नाही का? मग म्हणाला, तू काहीतरी सांभाळून घे ना, तुला जमतं.

मला जमतं! सहा महिने मी काय दुसरं करत होते? मी त्याला सांगितलं की उद्या सकाळी दहा वाजता फोन येईल, आणि तू डॉक्टरांना खरं सांगायचंस. नाही सांगितलंस तर तुझ्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवतील आणि त्याला श्वास घेता येणार नाही. तेव्हा कुठे तो बरं, सांगतो म्हणाला. डॉक्टरांना सांगतो, पण आईला बाहेर बसव.

सोमवारी सासूबाईंनी माझी बॅग स्वतः भरली होती. दोन गाऊन, मऊ कापडं, टोप्या, थर्मास. दवाखान्यात त्या माझ्याआधी डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरल्या नि नेहमीच्या स्टुलावर बसल्या. त्यांना बाहेर बसव म्हणे. समोर बसलेल्या डोंगराला कोणी बाहेर बसवलंय?

डॉक्टरबाईंनी कार्ड उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी सुरुवात करून दिली नाही. करायला हवी होती असं मला अजून वाटतं, पण नाही केली.

"तारीख चुकलीय, डॉक्टर," मी म्हटलं. "शेवटची पाळी चोवीस मार्चला आली होती."

सासूबाई हसल्या. घाबरलीय हो पोर, असं काहीसं म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मार्चअखेरीची कशी असेल, तो तर बारालाच गेला.

"आई, पाच आणि सहा एप्रिलला आम्ही भेटलो होतो. जंक्शनला. लॉजवर."

त्यांचा हात माझ्या पाठीवर होता तो तसाच थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं. गेले सहा महिने मी या चेहऱ्याची तयारी केली होती. संशय येईल, ओरडतील, कोण होता तो म्हणून विचारतील, सगळ्याला उत्तर तयार होतं. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"पाच एप्रिलला," त्या म्हणाल्या. "शनिवारी. तू ट्रेनिंगला गेली होतीस."

"ट्रेनिंग नव्हतं, आई."

त्यांनी हात काढून घेतला. पर्सची चेन उघडून मोठ्या आकड्यांचा आपला फोन बाहेर काढला, एक नंबरचं बटण दाबलं आणि फोन टेबलावर कार्डाशेजारी ठेवला. फोन कानाला लावून त्यांना नीट ऐकू येत नाही, त्या नेहमी आवाज मोठा करूनच बोलतात. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. नवरा फोनची वाटच बघत असणार, पण डॉक्टरांच्या.

"काय रे," त्या म्हणाल्या, "पाच एप्रिलला कुठे होतास तू?"

"मी? एप्रिलमध्ये?" त्याचा आवाज दचकला आणि लगेच सावरला. तो सावरलेला ऐकला आणि मला कळलं, हा खोटं बोलणार. "साइटवर, आई. आणखी कुठे असणार? तुझ्या ऑपरेशनला तरी येता आलं का मला?"

"जंक्शनला आला नव्हतास?"

"छे, जंक्शनला कशाला येऊ? तुझी शपथ, आई."

मी टेबलावर वाकून म्हटलं, "अरे, डॉक्टर समोर आहेत. आज कळा सुरू करणार आहेत. नीट सांग."

पलीकडे नुसती घरघर. मग तो म्हणाला, आवाज नीट येत नाहीये, खाली उतरून करतो. आणि फोन बंद झाला. कळलं का? बंद केला त्याने. दहा मजले उंचीवर बसून लोखंडाचे खांब उचलतो हा माणूस, आणि त्याला आईसमोर एक वाक्य उचलता आलं नाही. मला इतका संताप आला की रडूही येईना. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या, वाईट वाटल्यासारख्या. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. माझ्या खिडकीत समोरच्याची तक्रार नामंजूर करायच्या आधी मी असंच बघते. या खोलीत मी खोटं बोलले तेव्हा मला पक्का साक्षीदार मिळाला होता. आज खरं बोलत होते तर माझ्या बाजूने कोणीच नव्हतं. बाजूच्या खोलीत सलाईनचा स्टँड सरकवल्याचा आवाज आला आणि बाळाने आत जोरात लाथ मारली.

सासूबाईंनी फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली.

"लिहा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "चोवीस मार्च."

डॉक्टरबाई जपून म्हणाल्या, "आजी, तुमचा मुलगा तर नाही म्हणतोय."

"मुलगा माझा आहे. खरं बोलताना तो शपथ घेत नाही." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "तारीख पक्की आहे असं तुम्हाला मी सांगितलं होतं ना? मग आता मीच सांगते. खोडा ती."

डॉक्टरबाईंनी जुने सगळे कागद काढले आणि शेजारी शेजारी मांडले. जुलैत अठरा, मधे सव्वीस, आता तेहतीस. प्रत्येक वेळी बरोबर चार आठवडे कमी, ना एक जास्त ना एक कमी. पाणी ठीक, रक्तपुरवठा ठीक. मग त्यांनी चष्मा काढला आणि मला जे बोलल्या ते मी इथे सगळं सांगणार नाही. साडेतीन महिने त्या या कागदांपुढे डोकं फोडत होत्या आणि मी समोर बसून मान हलवत होते, एवढं सांगितलं तरी पुरे. मी सगळं ऐकून घेतलं. इतकं गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांनी चकती फिरवली, बाण एकोणतीस डिसेंबरवर आला, आणि त्यांनी लाल शाईनेच जुनी तारीख खोडली. दर आठवड्याला या म्हणाल्या. बाळ उत्तम आहे म्हणाल्या. पहिल्यांदाच.

बाहेर आलो तर सासूबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. मीही जरा अंतर ठेवून बसले. समोरून एक बाई पोटावर हात ठेवून येरझाऱ्या घालत होती. मी म्हटलं, "चुकलं माझं, आई." सासूबाई त्या बाईकडेच बघत होत्या.

"त्या शनिवारी पट्टी काढली ना," त्या म्हणाल्या, "तर डॉक्टर म्हणाले, आजी, डोळा सावकाश उघडा. मी उघडला नि आधी दाराकडे बघितलं. म्हटलं, नाही नाही म्हणाला असला तरी येऊन उभा राहिला असेल. त्याची तशी खोड आहे." मग म्हणाल्या, "दारात चपराशी होता."

सुनेवर संशय घेतील म्हणून मी सहा महिने जिवाला घोर लावून घेतला होता, आणि त्यांना ते शिवलंसुद्धा नव्हतं. त्यांना लागलं ते दुसरंच होतं, आणि ते मी केलं होतं. त्याने केलं होतं, पण मीही केलं होतं.

पर्समधला फोन वाजायला लागला. खाली उतरला असणार. मी हात पुढे केला.

"वाजू दे," त्या म्हणाल्या.

तो वाजून थांबला आणि परत वाजायला लागला. मी उठून बॅगेला हात घातला, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. ओझं उचलू नकोस, अजून सहा आठवडे आहेत, असं माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. मग आम्ही दोघी, पर्समध्ये तो वाजत असताना, पुढच्या सोमवारचा नंबर घ्यायला खिडकीशी रांगेत उभ्या राहिलो.